बादलीबद्दल कोण बोललं?

एक

सोमवारी सकाळी माझ्या खालच्या खोलीत चोरी उघडकीला आली. कुलूप शाबूत होतं, कपाट शाबूत होतं आणि जिच्याकडे चोरी झाली त्या मुलीचं सामानही टेबलावर जागच्या जागी होतं. चोरीला गेली होती ती तिच्या डोक्यातली योजना.

"इबू, हे बघा." वेनिंगनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

सेमारांगच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती. नाव 'बोटोलकू'. तुमचं दुखणं लिहून पाठवा, त्यावरचा जामू सकाळी दारात हजर. बाटलीवर तुमचं नाव. गोडी तीन प्रकारची, हवी ती निवडा. खाली जामूवालीच्या छोट्या बादलीचं चित्र आणि त्यावर लाल फुली. 'बादलीत बुचकळलेला पेला आता विसरा!'

जामू म्हणजे आमचा काढा. हळद-चिंचेचा, तांदळाचा, नाहीतर तोंड वाकडं करणारा कडू. जावातल्या आमच्या सालातिगात बायका पाठीवरच्या टोपलीत बाटल्या घेऊन तो दारोदार विकतात. हातातल्या बादलीत पेला विसळायचा आणि पुढच्या गिऱ्हाईकाला भरून द्यायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वेनिंगनं बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि आख्खं वर्ष ह्या जामूपायी घातलं. एकटीनं. भागीदार नाही, नोकर नाही.

अशी एकेकटी धंदा काढणारी पोरं माझ्या खालच्या खोलीत बसतात. टेबल, इंटरनेट आणि चहा माझा, स्वप्नं त्यांची. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्यांना धंदा काढायचा नसतो, नोकरी टाळायची असते. वेनिंग तशी नव्हती, म्हणून मला ती आवडायची.

"हे सगळं माझं आहे," ती म्हणाली. "दुखणं लिहिणं, नाव, गोडी. सगळं." मग तिनं मान वळवली. समोरच्या टेबलावर गिलांग बसला होता. तिच्या धंद्याचं फोनवरचं पान त्यानं फुकट बनवून दिलं होतं, मैत्रीखातर. "किती मिळाले रे?"

"कशाचे?" गिलांग हसला. गंमत चालली आहे असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

"चोर! माझ्या ताटात जेवलास आणि मलाच विकलंस!"

खोलीतली सगळी पोरं थिजली. आमच्याकडे कोणी असं ओरडत नाही. नवरा मेला तरी बाई हळू आवाजात रडते. गिलांगचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. त्यानं संगणक पिशवीत घातला, मला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

वेनिंग खुर्चीत बसली तेवढ्यात तिचा फोन वाजला. यू पार्तिनीचा, म्हणजे पार्तिनीताईचा निरोप होता, तिच्या सुनेनं टाइप केलेला. पार्तिनी ही तिची जामूवाली, तिच्या धंद्याचा एकुलता एक खांब.

'माझ्या बादलीची लाज काढलीस. उद्यापासून मी येणार नाही. बाकीच्या बायकाही येणार नाहीत.'

दोन

मी सुमार्नी. पोरं मला इबू म्हणतात, म्हणजे बाई. निवृत्त होईपर्यंत सेमारांगला विमा कंपनीत होते. जळालेली दुकानं बघायची आणि ती कोणी जाळली ते सांगायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं त्यासाठी फार हुशारी लागते. हुशारी लागत नाही, संशय लागतो, आणि तो माझ्याकडे उपजत आहे.

"रडून झालं असेल तर चहा पी," मी वेनिंगला म्हटलं. "आणि पहिल्यापासून सांग. मला काही ठाऊक नाही असं समजून सांग."

शितावरून भाताची परीक्षा, एवढीच तिच्या कामाची रीत. ही पोरं त्याला एमव्हीपी म्हणतात. सगळा हंडा शिजवत बसायचं नाही. आधी चिमूटभर शिजवायचं, लोकांना खायला द्यायचं, आणि ते खरंच खातात का ते बघायचं.

"पहिल्यांदा मी बायकांना विचारत फिरले," ती सांगू लागली. "आधी घरात थोडा सराव केला, प्रश्न तोंडात बसावेत म्हणून. तो काही धरला नाही. मग वीस घरं. दुखणं लिहून कळवाल का? होय जी. बाटलीवर नाव आवडेल का? होय जी. गोडी निवडाल का? होय जी, होय जी."

"आणि तू विश्वास ठेवलास? जावामध्ये जन्माला आलीस ना गं तू? घराला आग लावू का विचारलंस तरी आमच्या बायका 'होय जी' म्हणतील."

ती एवढ्या दुःखातही हसली. "ठेवला. इथल्या फळ्यावर सगळं लिहिलं, शिकवायला येणाऱ्या पाक लुकितोंना दाखवलं. मग खरी परीक्षा घेतली. एक गल्ली, एक फोन नंबर, एक पार्तिनी. लोकांना वाटायचं यंत्र उत्तर देतंय. यंत्र म्हणजे मीच, पहाटे उठून, पांघरुणात बसून."

"मग?"

"एकीनंही दुखणं लिहिलं नाही. कडू काढा दारात आला की शेजारीण विचारणार, साखर वाढली का? पाळीचा आला की सासू विचारणार. नाव तर कोणालाच नको होतं. बायका वेगळंच लिहायच्या. 'आज नको, माहेरी चाललेय.' 'उद्या दोन पेले जास्त, पाहुणे आहेत.' तेव्हा कळलं, लोकांना नवा जामू नकोच आहे. त्यांना पार्तिनी हवी आहे, पण ती येणार की नाही ते कळायला हवंय. आणि पार्तिनीला हवंय की भरल्या बाटल्या परत घरी न्याव्या लागू नयेत. मग मी फळा पुसून टाकला. उरली दोन बटणं. 'आज या' आणि 'आज नको'. लोक त्याचे आठवड्याचे पैसे आधी देतात, इबू. पुढच्या आठवड्यात दुसरी गल्ली सुरू करणार होते."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता, आणि मला तिचं वाईट वाटलं.

"दुसरी जामूवाली बघ ना."

"ह्या भागातल्या सगळ्या पार्तिनीच्या शब्दातल्या. ती नाही म्हणाली की संपलं. तिला वाटतं मी घरोघर फिरून तिची निंदा गोळा केली आणि कंपनीला विकली."

"बरं. त्या वीस बायकांपैकी बादलीबद्दल कोण बोललं होतं?"

"विसांपैकी एकीनंही नाही," ती ठामपणे म्हणाली. "पार्तिनीचं पाणी घाण आहे असं कोण बोलेल आमच्याकडे, तेही परक्या माणसासमोर?"

बरोबर होतं. मग सेमारांगच्या त्या जाहिरातीत बादली आली कुठून?

तीन

पाक लुकितो, म्हणजे लुकितोसाहेब, दर आठवड्याला माझ्या खोलीत येऊन पोरांना धंदा शिकवतात. स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या साबणाच्या कंपनीत नोकरी केली, पण बोलायला लागले की बाकीच्यांनी वह्या काढाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर पक्ष्याच्या पिंजऱ्यापाशी उभे होते.

"वाईट झालं, फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण मी तिला सांगितलं होतं, लवकर मोठी हो. ती आपली लहान-लहान करत बसली. कानामागून आले आणि तिखट झाले!"

"गेल्या महिन्यात तुमचं सेमारांगला भाषण झालं म्हणे."

त्यांनी पिंजऱ्याचं दार दोनदा लावलं. "झालं. मोठमोठे लोक होते समोर."

"वेनिंगची योजना सांगितलीत त्यांना?"

मला वाटलं ते चिडतील. पण त्यांना लाज वाटली, आणि तीही भलत्याच गोष्टीची. "नाही हो. सांगण्यासारखं काय होतं त्यात? जामू आणि दोन बटणं! मोठ्या लोकांसमोर असलं काय दाखवायचं? मी त्या ड्रोनवाल्या पोराचं उदाहरण दिलं."

"पण फळ्यावरची पहिली योजना तुम्ही पाहिली होती. दुखणं, नाव, गोडी."

"पाहिली की. ती बरी होती. ती तिनं पुसून टाकली."

"त्यात बादली होती?"

"कसली बादली?"

तेवढ्यात दारावर जामूवाली आली. पार्तिनी नव्हे, तिच्याच गावची दुसरी. पाक लुकितोंनी तिच्या बादलीत विसळलेला पेला घेतला, तांदळाचा जामू एका दमात पोटात घातला आणि ओठ पुसले. ह्या माणसाला बादलीत आक्षेपार्ह काही दिसणं शक्यच नव्हतं. गर्व माणसाला चोर बनवतो असं मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. इथे गर्वानंच एक माणूस सुटला होता.

राहिला गिलांग. त्याची खोली गाठली तेव्हा तो बॅग भरत होता.

चार

"चोर पळतोय असं वाटत असेल ना?" तो म्हणाला. मी खाटेवरचे कपडे बाजूला सारून बसले.

"वाटलं असतं तर पोलिसाला आणलं असतं. एकच विचारते. ती काय बनवत होती, ते तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

"पान बनवायला घेतलं तेव्हा. फळा पुसून झाला होता. त्याआधी मी जोग्या शहरात होतो, भावाकडे." त्यानं संगणक उघडून माझ्यासमोर सरकवला. "हे बघा, इबू. मी बनवलं ते हे. दोन बटणं. 'आज या', 'आज नको'. दुखणं-बिखणं ह्यात कुठे आहे? मला आज सकाळी जाहिरात वाचून कळलं की कधीकाळी असलंही काही तिच्या मनात होतं."

मी त्या पानाकडे बघत राहिले. दुकान जळालं की आग कुठून लागली हे कसं कळतं? जे जळालं त्याच्याकडे सगळेच बघतात. मी जे जळालं नाही तिकडे बघायचे. 'बोटोलकू'त काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं होतं. काय नाही, ते कोणी पाहिलंच नव्हतं. ह्या दोन बटणांचा तिथे मागमूस नव्हता. वर्षभर घासून वेनिंगच्या हाती जो खरा दाणा लागला होता, तो तिच्याकडेच होता. चोरानं नेलं होतं ते टरफल. बायकांनी मान राखायला म्हटलेलं 'होय जी' त्यानं खरं मानून कंपनीच्या पदरात घातलं होतं.

म्हणजे चोराला जुनी योजना ठाऊक होती आणि नवी ठाऊक नव्हती. गिलांगचं नेमकं उलट होतं.

"तू सुटलास," मी म्हटलं. "उद्या येऊन बस. ती माफी मागेल."

"मागितली," तो म्हणाला. "मघाशी फोन आला होता. शांत झाल्यावर तिलाही कळलं की मी जुनी योजना पाहिलीच नव्हती. रडत होती."

"मग?"

"मी म्हटलं, होय जी, काही हरकत नाही."

त्यानं बॅगेची चेन ओढली. तो परत येणार नाही हे मला कळलं. ज्याला परत यायचं असतं तो भांडतो.

पाच

पार्तिनीच्या घरी हळद कुटण्याचा आवाज येत होता. मला बघून तिनं मुसळ थांबवलं नाही.

"वेनिंगची वकिली करायला आलात?"

"चहा प्यायला आलेय. दिलास तर."

चहा आला, पण तिचा पारा उतरला नाही. "त्या कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता, इबू. त्यांच्या कारखान्यात बाटल्या भरायला चल म्हणाला. मी म्हटलं, ज्यांनी माझ्या बादलीवर फुली मारली त्यांच्या दारात मी थुंकायलाही येणार नाही. माझ्या आईची बादली होती, आता माझी आहे. पाणी मी तीनदा बदलते. कोणाला दिसत नसेल तर माझा दोष?"

"वेनिंगनं नाही केलं हे."

"मग कोणी? वर्षभर माझ्या गल्लीत जामूचं विचारत कोण फिरलं? तीच ना? माझ्या मागं कोणीतरी बोललं, तिनं ऐकलं आणि पुढं पोचवलं." तिनं मुसळ खाली ठेवलं. "मला पोरीचा राग नाही हो. तिच्या त्या फोनमुळे माझी पाठ वाचली. भरल्या बाटल्या घेऊन चढ चढावा लागत नाही. पण माझी इज्जत गेलीय. मला नाव हवंय. कोण बोललं, ते वेनिंगनं माझ्या तोंडावर सांगावं. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरून उभी राहते तिच्या गल्लीत."

"आणि नाव कळल्यावर काय करशील?"

"त्या बाईच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला सांगेन. जसं तिनं माझ्याबद्दल सगळ्या जगाला सांगितलं."

म्हणजे आता सगळं एका नावावर अडलं होतं. नाव मिळालं तर वेनिंगचा धंदा उभा राहणार होता. नाही मिळालं तर वर्ष पाण्यात.

मी उठले. कुटलेल्या हळदीनं माझ्या नेसलेल्या सारोंगची कड पिवळी झाली होती, ती झटकत मी वेनिंगच्या घराकडे वळले. वेनिंग घरी नसणार हे मला ठाऊक होतं. मला तिच्या आईला भेटायचं होतं. तोपर्यंत मनात काही नव्हतं, खरंच. आईकडून मुलीच्या मैत्रिणींची नावं कळतील, एवढाच हेतू.

सहा

इबू हार्यंती सरकारी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अजूनही बोलताना समोर वर्ग बसला आहे असं वाटतं. त्यांनी मला बसवलं, सोयाबीनचं तळलेलं टेंपे आणलं, तब्येत विचारली. वेनिंगचं नाव निघायला बराच वेळ लागला.

"देव करतो ते बऱ्यासाठी," त्या म्हणाल्या. "सरकारी परीक्षेचे अर्ज निघालेत. यंदा वयात बसते. पुढच्या वर्षी नाही बसणार."

"तिला फार लागलंय."

"लागणारच. पण माझ्या बहिणीचा मुलगा बघा. सेमारांगला काचेची दारं असलेल्या कंपनीत आहे. महिन्याचा पगार, वर्षाचा बोनस. त्याच्या आईला रात्री झोप लागते."

बाहेर गल्लीत जामूवालीची हाक ऐकू आली. इबू हार्यंती उठल्या, दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला कल्हईचा पेला घेतला आणि बाहेर गेल्या. जामूवालीनं आपला पेला पुढे केला, तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "ह्यातच ओत गं, ह्यात गरम राहतो."

मी टेंपेचा तुकडा बशीत ठेवला.

गरम राहतो! सकाळी शिजवलेला, गल्लोगल्ली फिरून गार झालेला जामू. ही बाई पार्तिनीलाही हेच सांगत आली असणार. आमच्या गावात तोंडावर कोणी बोलत नाही. मनातलं बोलायचं तर एकाच ठिकाणी, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या लेकरासमोर.

त्या परत येऊन बसल्या, तेव्हा मी सरळ विचारलं. "वेनिंगनं प्रश्नांचा सराव तुमच्यावर केला होता ना?"

"हो. का?"

"वीस बायकांनी 'होय जी' म्हटलं. तुम्ही काय म्हणालात? तुम्हाला तिचा मान राखायची गरज नव्हती. तुम्ही म्हणालात, आधी त्या बादलीचं बघ. किळस येते. वेनिंगनं ते फळ्यावर लिहिलं नाही, पार्तिनीला लागेल म्हणून. तो सराव होता, म्हणून तिनं तो मोजलाही नाही. तेव्हा बादली ठाऊक असलेली माणसं दोनच. ती आणि तुम्ही. आणि जुनी योजना ठाऊक असून नवी ठाऊक नसलेलं माणूस एकच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी इथे पोचले होते.

इबू हार्यंतींनी नाकारलं नाही. त्यांनी पेला पुसून खिळ्याला अडकवला. "मी एक पैसा घेतला नाही."

"ते मला ठाऊक आहे."

"भाचा आला होता. बोलता बोलता निघालं. मग त्यानं पुन्हा नीट विचारलं, तेव्हा मी पुन्हा नीट सांगितलं."

"तो काय करणार हे ठाऊक असून?"

"हो." त्यांचा आवाज चढला. "बँकेत होती तेव्हा गल्लीत मान होता. आता माझी मुलगी पहाटे उठून जामूवालीला सांगते, आज इकडे जा, आज तिकडे जाऊ नको. पार्तिनीची कारकून! ह्यासाठी शिकवलं मी तिला? नवरा गेल्यावर एकटीनं? मी म्हातारी झाले, इबू सुमार्नी. मी गेल्यावर तिचं काय? दोन बटणं तिला औषध आणून देणार आहेत?"

त्या प्रश्नानं माझा राग ओसरला. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि राग परत आला.

"दोन बटणांचं ठाऊक आहे तर तुम्हाला!"

"आज सकाळी रडत सांगितलं तिनं."

"आज! म्हणजे वर्षभर विचारलंच नाहीत. ती एकाच घरात, एकाच ताटात जेवत होती, आणि तिचं काम कुठवर आलं हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर खरी चोरी झाली असती, इबू. तुमच्या भाच्याच्या हाती लागलं ते नुसतं टरफल."

सात

वेनिंगला सांगायचं कसं, ह्याची जुळवाजुळव करत मी घरी आले. ती पायरीवर बसली होती.

"आईकडे गेला होतात," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "तुम्ही बादलीचं विचारलंत, तेव्हा मी म्हटलं विसांपैकी कोणी नाही. मग दिवसभर तो आकडा डोक्यात फिरत राहिला. एकविसावीही होती."

मी मान हलवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"पार्तिनीला नाव हवंय," मी म्हटलं. "तू सांगितलंस की ती परत येते. तुझं काम शाबूत आहे, पोरी. चोराला ते सापडलंच नाही."

"चला," ती उठली. "तुम्ही बरोबर या. पण मी जे बोलेन त्यात तुम्ही बोलायचं नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही. शपथ आहे."

मला वाटलं, आईचं नाव घेताना तिला कोणीतरी बरोबर हवं आहे. मी शपथ घेतली. इतकी वर्षं खोटी माणसं ओळखून पोट भरलं आणि तिथे चुकले.

पार्तिनी दारातच होती. वेनिंग तिच्यासमोर उभी राहिली, हात पोटाशी जुळवून, शाळेतल्या मुलीसारखी.

"नाव आणलंस?"

"हो. मीच बोलले, यू."

"काय?"

"बादलीचं. मलाच किळस यायची. सेमारांगला मावसभावाशी बोलले. त्यानं जाहिरातीत घातलं."

पार्तिनी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. माझ्या जिभेवर आलेलं नाव मी गिळलं. पार्तिनी ओरडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढंच. "रोज माझ्या हातचं प्यायचीस गं तू," ती म्हणाली आणि आत गेली.

रस्त्यावर आल्यावर मी तोंड सोडलं. "वेडी आहेस का? तिच्यासाठी? तिनं तुझा गळा कापला आणि तू तिला वाचवतेस?"

"ती गल्ली सोडून कुठे जाणार, इबू? या वयात? पार्तिनी दारात उभी राहून ओरडली असती, तर आई पुन्हा घराबाहेर पडली नसती."

"आणि तू?"

"मी काढेन काहीतरी दुसरं."

ती दुसरं काही काढणार नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आठ

'बोटोलकू' सालातिगात चाललं नाही. दुखणं लिहायला कोणी तयार झालं नाही, मग कंपनीनं गाशा गुंडाळला. पार्तिनी पूर्वीसारखी भरल्या बाटल्या घेऊन चढ चढते आणि कधी तशाच परत नेते. गिलांग जोग्याला गेला. वेनिंगनं सरकारी परीक्षेचा अर्ज भरला.

अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी इबू हार्यंती माझ्याकडे आल्या. हातात शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा होता, वर रंगीत कागद. "तुम्ही तिला समजावलंत म्हणून," त्या म्हणाल्या. "मुलगी मार्गी लागली."

पार्तिनीसमोर बोलायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती. ह्या बाईसमोर गप्प राहण्याची शपथ मी घेतली नव्हती, निदान मी तसा अर्थ लावला.

"तिला सगळं ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुम्ही केलं ते ठाऊक आहे. आणि पार्तिनीच्या दारात जाऊन तिनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. तुमचं नाव घेतलं असतं तर तिचा धंदा आज उभा असता."

मला वाटलं त्या कोसळतील. मला ते बघायचं होतं, लपवत नाही.

इबू हार्यंतींनी डबा टेबलावर नीट ठेवला, कागदाची घडी सरळ केली. "मला ठाऊक आहे. पार्तिनीच्या सुनेकडून दुसऱ्याच दिवशी गल्लीत कळलं."

"मग तुम्ही गेला नाहीत पार्तिनीकडे? दोन वाक्यांचं काम होतं! मी बोलले, मुलीचा दोष नाही."

"निघाले होते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले."

"का?"

"मी बोलले असते, तर तिनं पुन्हा सुरू केलं असतं ना."

त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि छत्री उघडून त्या गेल्या. मी डबा परत द्यायला फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, पण त्या वळून बघत नव्हत्या.